खोक्यावरचा कोरा कायोट

डेल्मर कुचेराला दिवसातून एकदा तरी कुणी काही विचारलं नाही, तर त्याला अन्न गोड लागत नसे. गावात शेतीच्या सामानाचं एकच दुकान. पुढच्या भागात खिळे, काटेरी तार, गुरांची औषधं आणि रबरी बूट. मागच्या भागात बंदुका, काडतुसं आणि डेल्मर. काउंटरच्या कोपऱ्यात कॉफीचं भांडं सकाळपासून कढत असायचं. ती कॉफी प्यायच्या लायकीची नव्हती, पण फुकट होती, त्यामुळे नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांमधले निम्मे रँचवाले, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांचे मालक, सकाळी तिथे हजर असत.

फेब्रुवारी संपत आला की सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. गाई व्यायला लागणार, आणि त्यांच्या मागावर कायोट येणार. कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून हडकुळं असं हे जनावर एरवी उंदीर-सशांवर भागवतं, कुणाच्या वाटेला जात नाही. पण विण्याच्या दिवसांत ते कुरणाच्या कडेला येऊन बसतं आणि ओलं वासरू पायांवर उभं राहायच्या आत डाव साधतं. मग लोक डेल्मरकडे येत आणि विचारत, बंदुकीला कुठला चोक लावू आणि किती मोठे छर्रे घालू?

चोक म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी आत फिरवून बसवायची बोटभर नळी. तिचं तोंड आवळ असलं तर छर्रे गठ्ठ्याने जातात, सैल असलं तर लवकर पसरतात. त्यामुळे नवखा माणूस आला की सगळ्यात आवळ चोक मागायचा, आणि वर सगळ्यात मोठे छर्रे. डेल्मर त्याच्याकडे दयेने बघायचा.

"रविवारी चर्च सुटल्यावर पोरं दारातून कशी बाहेर पडतात, बघितलंयस?" तो विचारायचा. "सटासट. एकाला दुसऱ्याचा धक्का नाही. आता त्याच दारातून गावातले सगळे धिप्पाड गडी एकदम सोड. निम्मे चौकटीवर आदळतील आणि उरलेले कुठेही भेलकांडतील. मोठ्या छऱ्यांना दार जरा मोठं लागतं, बाबा. कायोटला ज्वारीच्या दाण्याएवढे घाल आणि मधला चोक लाव."

एवढं बोलून तो थांबायचा, कॉफीचा घोट घ्यायचा आणि मग ठरलेलं वाक्य टाकायचा. "आणि माझंही ऐकू नकोस. चाळीस यार्डांवर खोकं उभं कर, त्यावर कायोट काढ, मार आणि जाऊन बघ. एका कारखान्यातल्या दोन बंदुकासुद्धा सारख्या मारत नाहीत."

हे वाक्य त्याने इतक्यांना ऐकवलं होतं की मर्ल त्याला 'खोकेवाले प्रोफेसर' म्हणायचा. मर्ल म्हणजे गावचा निवृत्त टपालवाला. त्याच्याकडे ना गाय होती ना बंदूक, पण दुकानात पहिला कप त्याचा असे. डेल्मर त्या नावाने चिडल्यासारखं दाखवायचा. आतून त्याला गुदगुल्या व्हायच्या.

आर्लिस थेडन दुकानात आली तेव्हा मर्लसकट चार-पाच जण कॉफी घेत उभे होते. त्यांत तिचा दीर रॉइसही होता. आर्लिसचा नवरा व्हर्नन जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. दोन्ही मुलगे शहरात नोकरीला. रँच ती एकटीच बघत होती, आणि बरी बघत होती. रॉइसचं कुरण तिच्या कुंपणाला लागून. तिच्या तळ्यावर आणि तळ्याकाठच्या गवतावर त्याचा डोळा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिने व्हर्ननची बंदूक उघडून, मोकळी करून काउंटरवर आडवी ठेवली. "तळ्याकडे कायोट फिरतायत, डेल्मर. आठवडाभरात गाई व्यायला लागतील. हिच्यात काय घालू?"

"एवढ्यासाठी इथवर कशाला आलीस?" मर्ल म्हणाला. "मला फोन करायचास."

"तुला विचारलं असतं, तर ते खरं की खोटं हे विचारायला परत इथेच आले असते."

सगळे हसले. डेल्मरही हसला आणि मागच्या फळीकडे वळला. तिथे त्याला दिसलं ते असं: आर्लिसच्या बंदुकीला बसणारा मधला चोक संपला होता. मागवलेला माल शुक्रवारी यायचा होता. ज्वारीएवढ्या छऱ्यांचे डबे लोकांनी आधीच उचलले होते. राहिला होता एकच चोक, टर्की पक्षी मारायचा, सगळ्यात आवळ. आणि राहिली होती वाटाण्याएवढ्या छऱ्यांची काडतुसं. दोन्ही एकत्र घालू नयेत हे त्या गावात कुणाला माहीत असेल तर ते त्याला.

'माझ्याकडे नाही, शुक्रवारी ये,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिने ते ऐकलं असतं आणि शुक्रवारी आली असती.

"काय हो प्रोफेसर, गाडी अडली वाटतं?" मागून मर्ल म्हणाला. रॉइसने कपाआडून बघितलं.

"अडायला काय झालं?" डेल्मरने ती नळी आणि तो डबा आणून तिच्यासमोर ठेवला. "हे घे. सगळ्यात आवळ चोक आणि हे मोठे छर्रे. साठ यार्डांवरसुद्धा कायोट जागचा हलायचा नाही."

आर्लिसने नळी हातात घेऊन तिच्या तोंडातून उजेड बघितला. "पण मोठ्या छऱ्यांना दार मोठं लागतं ना? तूच व्हर्ननला सांगितलेलं."

"ते जुन्या नळ्यांचं. ही नवी बनावट आहे."

"बरं. मग आज खोक्यावर मारून बघते."

"मी सांगतोय ना," डेल्मर म्हणाला. "उगाच काडतुसं कशाला फुकट घालवतेस?"

खोक्यावर मारू नको, असं त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. मर्लच्याही ते लक्षात आलं नाही. आर्लिसने मान हलवली, सामान उचललं आणि ती गेली. डेल्मरने स्वतःला कॉफी ओतून घेतली. तेवढ्यात कुणीतरी कुंपणाच्या तारेचं विचारलं आणि तो तिकडे वळला.

पुढे व्हायचं तेच झालं. एका पहाटे, दव गोठून पांढरं पडलेलं असताना, आर्लिसला तळ्याच्या बांधावर कायोट दिसला. गुरांच्या पाण्याच्या टाकीच्या काठावर बंदूक टेकवून, श्वास रोखून, तिने त्याला जवळ येऊ दिलं आणि घोडा ओढला. कायोट मटकन बसला, स्वतःच्याच मांडीला चावत गरागरा फिरला आणि मागचा एक पाय लोंबकळत ठेवून टेकडीपलीकडे गेला. ती रक्ताच्या मागाने दुपारपर्यंत फिरली. पुढे वाळूत माग हरवला.

तीन पायांच्या कायोटला ससा सापडत नाही. त्याला सापडतं ते नुकतं जन्मलेलं, अजून उभंही न राहिलेलं वासरू. पहिलं आर्लिसचं गेलं, मग आणखी एक. नंतर रॉइसच्या पहिलटकरीण कालवडीचं गेलं. कालवड अडलेली, उठता येईना, आणि वासरू अर्धं बाहेर असतानाच कायोटने तोंड घातलं. कालवडही वाचली नाही.

रॉइस दुकानात आला तो पेटूनच. पण बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"डोळे मिटून मारलं असणार," तो म्हणाला. "नाहीतर पार लांबून. बाईमाणसाला अंतर कळत नाही. मी तिला वर्षभर सांगतोय, जागा माझ्याकडे दे, भाडं घे, गावात घर घेऊन सुखाने राहा. आता ईस्टरला पोरं येतायत. मी बोललोय त्यांच्याशी. थोरला, ड्वाइट, त्याचं जवळजवळ पटलंय. फक्त एक विचारतो, बंदुकीतच काही खोट नव्हती ना? म्हटलं, डेल्मरने लावून दिली होती, त्यालाच विचारतो."

मर्लने कप खाली ठेवला. डेल्मर काउंटरवरचं फडकं घेऊन पुसलेलीच जागा परत पुसत होता.

"बंदुकीत काही खोट नव्हती," तो म्हणाला.

रॉइसने मान हलवली. "मला वाटलंच. ड्वाइटला सांगतो, डेल्मर म्हणाला म्हणून."

शब्दशः ते खोटं नव्हतं. बंदूक चांगलीच होती. या आधारावर डेल्मरने दुपारपर्यंत तग धरला. जेवायच्या सुट्टीत मात्र त्याने पाव अर्धा टाकून डबा मिटला. स्वतःची त्याला किळस आली. एका बाईची जमीन जायला निघाली होती, आणि ती आपल्या शब्दावर जात होती, कारण चार जणांसमोर 'माझ्याकडे नाही' म्हणायची आपल्याला लाज वाटली. त्या लाजेच्या जागी आता खरी लाज आली होती, आणि ती हलायला तयार नव्हती.

दोन दिवसांनी आर्लिस आली. दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. तिने बंदूक काउंटरवर ठेवली, शेजारी ती नळी, आणि काडतुसांचा डबा. डब्यातलं एकच कमी होतं.

"ही विकून टाक," ती म्हणाली. "येईल ते येईल."

"का?"

"माझे डोळे गेले असावेत, डेल्मर. मला तर वाटलं, अगदी खांद्यामागे धरलंय. नंतर मी पावलं टाकून बघितली, चाळीसच्या आतच होता. पण रॉइस म्हणतो, भ्यायलेल्या माणसाला पावलंही नीट टाकता येत नाहीत. असेलही. व्हर्नन असता तर..." ती थांबली. "त्या कालवडीचं माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्याचं नुकसान करून मी कशाला रँच चालवायची? पोरं आली की सही करते."

सांगायचं असेल तर हीच वेळ होती. डेल्मरने तोंड उघडलं आणि म्हणाला, "ठेव. बघतो कुणी घेतंय का."

ती गेल्यावर त्याने दुकानाला कुलूप लावलं. भर दुपारी दुकान बंद, असं गावाने कधी पाहिलं नव्हतं. फ्रीजची दोन मोठी खोकी पिकअपमध्ये टाकून तो खडीच्या जुन्या खाणीत गेला. पहिल्या खोक्यावर त्याने काळ्या रंगाने कायोट काढला. या कामात त्याचा हात बसलेला होता. चाळीस यार्ड मोजले. आर्लिसची बंदूक, तीच नळी, त्याच डब्यातलं काडतूस. मारलं आणि जाऊन बघितलं.

खोक्याच्या कडांना भोकं होती. वर एक, खाली तीन, उजवीकडे पाच-सहाचा पुंजका. मध्ये कायोट कोरा. फक्त मागच्या पायाच्या मांडीवर एक भोक.

त्याने खोकं वळवून शेजारच्या कोऱ्या बाजूला पुन्हा कायोट काढून पुन्हा मारलं, कारण माणसाला आशा असते. या वेळी मांडीसुद्धा वाचली. मग घरून आणलेला स्वतःचा मधला चोक त्याने आर्लिसच्या बंदुकीला बसवला, ज्वारीएवढ्या छऱ्यांचं काडतूस घातलं आणि दुसऱ्या खोक्यावर मारलं. कायोटची छाती, खांदा, मान यांची चाळण झाली होती. आर्लिसचे डोळे गेले नव्हते. तिच्या जागी कुणीही असतं, खुद्द डेल्मर असता, तरी तो कायोट तीन पायांवर पळालाच असता.

तो तिथेच खडीच्या ढिगावर बसून राहिला. एक गोष्ट त्याला तेव्हा कळली आणि ती फार वाईट होती. बघायच्या आधीच त्याला हे माहीत होतं. नळी फळीवरून उचलताना माहीत होतं.

तिथून तो सरळ आर्लिसकडे गेला. ती गोठ्यात एका अशक्त वासराला बाटलीने दूध पाजत होती. कुंपणाशी उभं राहून, टोपी हातात घेऊन, त्याने सगळं सांगितलं. मधला चोक संपला होता तेही, आणि मर्लने गाडी अडली म्हटलं तेही. वासराने बाटली संपवली, तेव्हा तिने त्याचं तोंड पुसलं.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मला नेम धरता येत नाही, हे गावाला मी थोडंच सांगितलं? ज्यांच्यासमोर बोललास त्यांना सांग."

"सांगतो. रॉइसला सांगतो."

"रॉइस एकटाच नव्हता तिथे."

तिने पाठ फिरवली आणि बाटली धुवायला घेतली. डेल्मर टोपी घालून निघाला.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी अग्निशमन दलाचं जेवण असे. बंब बाहेर काढून त्या जागेत टेबलं मांडत, आणि सगळं गाव येत असे. घमेलीभर चिली, म्हणजे खिमा आणि राजम्याची झणझणीत आमटी, सोबत दालचिनीचे गोड रोल. आर्लिसचे दोन्ही मुलगे आलेले होते. रॉइस ड्वाइटच्या शेजारी बसून रोल आमटीत बुडवून खात होता. आर्लिस वाढणाऱ्या बायकांमध्ये होती.

डेल्मर दोन्ही खोकी घेऊन आत आला आणि त्याने ती भिंतीला लावून उभी केली. लोकांना वाटलं, काहीतरी गंमत आहे.

"प्रोफेसरांचा वर्ग भरला रे," मर्ल ओरडला. "चमचे खाली ठेवा, वह्या काढा."

हशा पिकला. ही माणसं हसायची तेव्हा एरवी डेल्मरला बरं वाटायचं.

"ही आर्लिसची बंदूक," तो पहिल्या खोक्याकडे बोट करून म्हणाला. "मी दिलेली नळी आणि मी दिलेली काडतुसं. चाळीस यार्ड. मारणारा मी."

लोक वाकून बघायला लागले. बघून झालं तसा हशा आपोआप थांबला. बंदूक काय असते हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"आणि ही तीच बंदूक, पण जी नळी आणि जे छर्रे मी तिला द्यायला हवे होते ते घालून. त्या दिवशी माझ्याकडे ते नव्हते. नाही म्हणायची मला लाज वाटली, म्हणून होतं ते गळ्यात मारलं. खोक्यावर मारून बघते म्हणाली, तर मी नको म्हटलं. नंतर रॉइसने विचारलं, तेव्हाही मी खरं सांगितलं नाही, वर बंदुकीत खोट नव्हती म्हणालो. खोट माझ्यात होती. ती वासरं माझ्यामुळे गेली. रॉइस, तुझी कालवडसुद्धा."

रॉइसने हातातला रोल खाली ठेवला. "मग इतके दिवस तोंड शिवलं होतं काय?" तो म्हणाला.

"हो," डेल्मर म्हणाला.

आर्लिस पळी खाली ठेवून टेबलांच्या मधून आली. पहिल्या खोक्यापाशी उभी राहून तिने मांडीवरच्या त्या एका भोकात बोट घातलं. कोऱ्या छातीवरून तळवा फिरवला.

"म्हणजे मी नीट धरली होती," ती म्हणाली. ते ती कुणालाच म्हणत नव्हती.

मग तिने ड्वाइटकडे बघितलं. ड्वाइटने मान खाली घातली आणि रॉइसपासून खुर्ची थोडी दूर सरकवली. आर्लिस परत वाढायला गेली. डेल्मरला कुणी बस म्हटलं नाही. खोकी उचलून तो बाहेर आला आणि पिकअपमध्ये बसला. आत पुन्हा चमच्यांचा आवाज सुरू झाला होता.

सोमवारी तो बंदूक आणि मधला चोक आर्लिसच्या दारात ठेवून आला. बेल वाजवली नाही. मुलगे परत गेले, सही झाली नाही. आर्लिसला नळी दिली त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मागवलेला माल आला होता, वेळेवर.

पुढच्या आठवड्यात आर्लिस दुकानात आली. कॉफीपाशी नेहमीची मंडळी होती. तिने कोटाच्या खिशातून काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. वाटाण्याएवढा छर्रा, एका बाजूने चेपलेला.

"सापडला तो," ती म्हणाली. "तळ्याच्या बांधावरच. अंगात हाडं आणि कातडं तेवढं राहिलं होतं. या वेळी जागेवर गेला. मांडीत हा निघाला. हा तुझा."

डेल्मरने छऱ्याकडे बघितलं.

"वासरांच्या दुधाची पावडर दे, एक पोतं," आर्लिस म्हणाली. त्याने पोतं तिच्या पिकअपमध्ये नेऊन टाकलं. ती 'थँक यू' म्हणाली, जसं कुठल्याही दुकानदाराला म्हणतात तसं.

तो परत आला तेव्हा एक अनोळखी रँचवाला काउंटरवर बंदूक ठेवून उभा होता. उत्तरेकडून आला होता, डेल्मरचं नाव ऐकून. कायोटसाठी कुठला चोक लावू आणि किती मोठे छर्रे घालू, त्याने विचारलं. मर्लने सवयीने डेल्मरकडे बघितलं, तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं.

छर्रा अजून तिथेच पडलेला होता. डेल्मरने बंदूक हातात घेतली, नळीत उजेड बघितला आणि ती परत ठेवली.

"या बंदुकीचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "मागे रिकामी खोकी पडलीयत. हवी तेवढी घेऊन जा."